चेटूक शिकायचं म्हणजे काय?

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि एका ताईंच्या कॉलेजातल्या लेकीनं विचारलं, "परदेशात बाया विक्का नावाचं चेटूक उघडपणे शिकतात म्हणे. नव्यानं शिकायचं तर सुरुवात कुठून करायची?" चेटूक हा शब्द ऐकताच आम्ही सगळ्या गप्प झालो. आपल्या भागात या शब्दानं बायकांचं फार वाईट केलंय.

आपल्याकडं त्याला भानामती म्हणतात. कपडे पेटले, अंगावर फुल्या उठल्या, जनावराचं दूध आटलं, की बोट एखाद्या बाईकडं वळायचं. पुष्कळदा ती एकटी असायची, विधवा असायची. मंत्र म्हणता येऊ नयेत म्हणून दात पाडल्याच्या घटनाही मराठवाडा-तेलंगणाच्या पट्ट्यात घडल्या. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी तपास केला, तेव्हा फुल्या बिब्ब्याच्या तेलानं उठतात हे दिसलं. जिला मार बसला, ती बाई कुठलीच विद्या शिकलेली नव्हती.

युरोपातही हेच झालं. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस इथं आना गोल्डी नावाच्या मोलकरणीला १७८२ साली देहदंड दिला. तिला निर्दोष ठरवायला २००८ साल उजाडलं.

इंग्लंडात चेटकाबद्दलचा १७३५ चा कायदा १९५१ साली रद्द झाला. मग जेराल्ड गार्डनर या निवृत्त अधिकाऱ्यानं १९५४ साली पुस्तक लिहून विक्का लोकांपुढं मांडला. म्हणजे हा पंथ आपल्या आजीच्या वयाचा. आधी तो लहान मंडळात शिकवत. पुष्कळ ठिकाणी वर्ष आणि एक दिवस शिकाऊ राहिल्यावर दीक्षा मिळे. १९८८ साली स्कॉट कनिंगहॅम यांचं पुस्तक आलं आणि अनेकजणी घरीच वाचून शिकू लागल्या. पौर्णिमा पाळायची, ऋतूंचे आठ सण करायचे, झाडपाला ओळखायचा आणि कुणाचं वाईट करायचं नाही, एवढं त्यात मुख्य. आपल्या देशात कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी आपण विक्का मानतो असं जाहीर सांगितलं, आणि चेटकीण ठरवलेल्या खेड्यातल्या बायकांची बाजूही घेतली.

ऋतूचा सण आपल्याला नवा नाही. येळवशीला आपण रानात कडब्याची कोप करतो, आंबील-भज्जीचा नैवेद्य दाखवतो. त्यासाठी कुणी गुरू लागत नाही, फी लागत नाही.

म्हणून त्या लेकीला आम्ही सांगितलं, वाच, समजून घे. पण विद्या शिकवतो म्हणून कुणी पैसे किंवा एकांत मागितला, तर उठून ये. आणि आधी आपला कायदा शीक. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते असं म्हणून तिला छळणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार.

आपली देवणी गाईंसाठी नावाजलेली. उद्या गोठ्यात दूध आटलं, तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. आणि गल्लीत कुण्या बाईकडं बोट वळलं, तर गटातल्या सगळ्याजणी तिच्या दारात जाऊन बसा.