तापमान, आहार आणि मत्स्यबीजाची वाढ : एका कल्पनेचा विकास

संवर्धित मत्स्यबीजाच्या वाढीवर पाण्याच्या तापमानाचा परिणाम होतो, ही गोष्ट मत्स्यसंवर्धकांना फार पूर्वीपासून अवगत होती. परंतु तो परिणाम नेमका कोणत्या स्वरूपाचा, हे निश्चित होण्यास शतकाहून अधिक काळ लागला. सॅमन व ट्राउट या थंड पाण्यातील माशांच्या संवर्धनाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

आरंभी संवर्धकांचे लक्ष अंड्यांवर केंद्रित होते. इंग्लंडहून टास्मानियाला या माशांची अंडी नेण्याचे १८६० व १८६२ मधील प्रयत्न फसले. १८६४ मध्ये जेम्स यूल यांनी ओल्या शेवाळात बसविलेली अंडी ‘नॉर्फोक’ जहाजावर बर्फाच्या साठ्यात ठेवून पाठविली. थंडीमुळे भ्रूणाची वाढ मंदावली आणि सुमारे तीन महिन्यांच्या सागरी प्रवासानंतरही अंडी जिवंत राहिली. पुढे अमेरिकन ट्राउट-संवर्धकांत एक ठोकताळा रूढ झाला : ५० अंश फॅरनहाइट तापमानास अंडी ५० दिवसांत उबतात व प्रत्येक अंशागणिक पाच दिवसांचा फरक पडतो. १९०१ मध्ये क्लॉडियस वॉलिच यांनी गोठणबिंदूवरील प्रत्येक अंश व प्रत्येक दिवस यांची बेरीज करून अंड्यांच्या वाढीची नोंद ठेवण्याची पद्धत मांडली. ही बेरीज सर्व तापमानांस तंतोतंत सारखी येत नसली, तरी व्यवहारात ती उपयुक्त ठरली.

तथापि हे गणित पिलांच्या वाढीस जसेच्या तसे लागू पडत नाही. भ्रूणाचे अन्न पीतकाच्या रूपाने अंड्यातच साठविलेले असते. पीतक संपल्यावर मात्र पिलाला अन्न बाहेरून मिळवावे लागते. मासा शीतरक्ताचा असल्याने पाणी तापले की त्याचा चयापचय वाढतो. भूक वाढते, पचन त्वरेने होते. पण केवळ जिवंत राहण्यासाठी लागणारा खर्चही वाढतो. शिवाय उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. टोरांटोचे एफ. ई. जे. फ्राय यांनी १९४७ मध्ये परिस्थितीजन्य घटकांचे घातक, नियंत्रक, मर्यादक इत्यादी वर्ग पाडून या विचारास शास्त्रीय बैठक दिली.

त्याची प्रायोगिक परिणती १९६९ मध्ये कॅनडात झाली. जे. आर. ब्रेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉकाय सॅमनची बोटुकली १ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, निरनिराळ्या आहारमानांवर वाढविली. आहार मुबलक असता सर्वाधिक वाढ सुमारे १५ अंशांस झाली. आहार घटविताच हा बिंदू खाली सरकला. प्रतिदिनी शरीराच्या शुष्क वजनाच्या १.५ टक्के आहारावर तो सुमारे ५ अंशांपर्यंत उतरला. निव्वळ निर्वाहासाठी लागणारा आहार १२ अंशांनंतर झपाट्याने वाढून २० अंशांस प्रतिदिनी २.६ टक्क्यांवर गेला. सुमारे २३ अंशांस विपुल अन्न असूनही वाढ खुंटली.

या निष्कर्षाचे महत्त्व केवळ सैद्धान्तिक नाही. इष्टतम तापमान हा एखाद्या जातीच्या माशाचा स्वयंभू, अचल गुणधर्म नसून तो आहारमानाशी निगडित आहे, हे त्यातून सिद्ध झाले. आहार न वाढविता संवर्धन केंद्रातील पाणी ऊबदार करणे म्हणजे पिलांची उपासमार ओढवून घेणे होय. नद्या व सरोवरे तापत असतानाही हाच विवेक आवश्यक ठरतो. सहन होण्याजोग्या मर्यादेत तापमानाची एकच वाढ अन्नसमृद्ध पाण्यात पिलांना पोषक, तर अन्नदुर्भिक्ष असलेल्या पाण्यात मारक ठरू शकते. म्हणूनच आहाराच्या नोंदीवाचून केवळ तापमापकाच्या नोंदीवरून वाढीविषयी केलेले अनुमान अपुरे मानले पाहिजे.