जेली साबण (घरगुती)
द्रवसाबण किंवा बॉडीवॉश जिलेटिन वा अगरमध्ये गोठवून केलेली थुलथुलीत वडी. घरगुती कृतींत सहसा जिलेटिन सांगतात. उष्ण हवेत मात्र अगर, म्हणजे वाण्याकडचा चायना ग्रास, सरस ठरतो. जिलेटिनची जेली ३५° से.च्या आतच वितळते, त्यामुळे आंघोळीच्या गरम पाण्याखाली ती बोटांतून ओघळते. अगर सुमारे ८५° से.पर्यंत टिकतो. याच गुणामुळे १८८१च्या सुमारास फॅनी हेसे यांच्या सूचनेवरून रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनच्या जागी अगर आला.

अगर पाण्यात उकळून पुरता विरघळवावा आणि त्यात कोमट केलेला साबण हलक्या हाताने मिसळावा. गार साबणाने गुठळ्या होतात, घुसळल्यास फेस अडकून वडी सच्छिद्र होते. अगरची वडी ठिसूळ असते, हा आक्षेप रास्त आहे. पण तुकडा जाळीच्या स्पंजवर चुरडला की काम भागते. अगर बहुतेक जिवाणूंना पचत नाही म्हणून वडी महिनोन्‌महिने टिकेल, हा तर्क मात्र फसवा. वाढीव पाण्याने साबणातील परिरक्षक विरळ होते. म्हणून वड्या थोड्याच कराव्यात व फ्रिजमध्ये ठेवाव्यात, तेही नाव लिहिलेल्या डब्यात. मुलांना त्या खाऊची जेलीच वाटतात.