कंबर, कड आणि कॅमेरा

अकोल्याहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी अमरावतीत भाकरी थापत होते. तिनं फोन कपाटाला टेकवला, दोन पावलं मागं सरली आणि लेगिंग्जवरून कमरेच्या जरा खाली दोन्ही बाजूंना बोटं ठेवली. "मावशी, पाय बरं, इथं दोन्हीकडं खड्डा हाय. याले हिप डिप म्हणतेत. इंजेक्शननं भरून देतो म्हणते थो क्लिनिकवाला." माझी आई मागं लसूण सोलत बसली होती. तिनं मान वळवून फोनकडं पाहिलं. "खड्डा कायचा वं? पोरगं कडेवर घेतलं का त्याच्या खालीच असते थे खळगी. माह्या मायले होती, मले हाय."

भाचीचं समाधान झालं नाही. मी मात्र त्या एका शब्दापाशी अडकले ती आजतागायत. कडेवर. मूल कडेवर, घागर कडेवर, असं आपण जन्मभर म्हणतो. पण कुठल्या कडेवर?

सोपं उत्तर असं की कड म्हणजे बाजू. रस्त्याची कड, शेताची कड, डोंगराचा कडा. मूल शरीराच्या बाजूला बसतं म्हणून ते कडेवर. बहुतेकांना हे पटतं. मला पटत नाही. खांदाही बाजूलाच असतो, काखही बाजूलाच. पण खांद्यावर घेतलेल्या मुलाला कोणी कडेवरचं म्हणत नाही. ही कड शरीरावरची एक ठरलेली जागा आहे, आणि ती संस्कृत 'कटि' आहे असं माझं म्हणणं आहे. दोन स्वरांमधल्या 'ट'चा प्राकृतात 'ड' होतो. घटाचा घडा झाला, वटाचा वड झाला, कटूचा कडू झाला, तसा कटीचा 'कडि' झाला. दुसरा पुरावा लहान मुलांच्या कमरेला असतो. करदोडा, करगोटा, करदोटा अशी त्याची नावं गावागणिक बदलतात. 'कडदोरा' हे त्यातलंच एक रूप. गुजरातीत तोच 'कंदोरो'. आता हा दोरा काही बाजूला बांधत नाहीत, सगळीकडून गुंडाळतात. इथं 'कड' म्हणजे बाजू धरली तर शब्दाला अर्थच उरत नाही.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मान्य करते. संस्कृतात 'कट' हा शब्दही आहे आणि त्याचा एक अर्थ नितंबाची बाजू असाच आहे. म्हणजे बाजूची कड आणि कटीची कड कुठंतरी वर एकाच झाडाला जाऊन मिळत असतील. मिळोत. 'कट्यार' कमरेला खोचतात म्हणून तीही कटीवरूनच आली, असं सांगण्याचा मोह मला आठवडाभर होता. तो सोडला, संस्कृतातला 'कट्टार' वेगळ्या वाटेचा आहे.

एवढं जुनं घरचं नाव असताना आपण रोज 'कंबर' का म्हणतो? विठोबाचे हात कटीवर, पण दुखते ती कंबर, लचकते ती कंबर, मोडतं ते कंबरडं. देवाची कटी आणि माणसाची कंबर ही वाटणी कशी झाली?

'कंबर' फारशीतून आली. तिकडं तो शब्द 'कमर', आणि गंमत ही की तो मुळात शरीराच्या भागाचा नव्हताच. अवेस्तेच्या भाषेत 'कमरा' म्हणजे पट्टा, मेखला. आधी पट्टा, मग पट्टा जिथं बांधतात ती जागा. जुना अर्थ आपल्या बोलण्यात अजून शाबूत आहे, फक्त कान द्यावा लागतो. 'कंबर कसणे' म्हणतो तेव्हा काय कसतो? शरीर काही कसता येत नाही. कसतो तो पट्टा. फारशीत 'कमर बस्तन', कमर बांधणे, हाच वाक्प्रचार याच अर्थानं आहे. आपण तो शब्दासकट घेतला आणि पट्टा विसरलो. मग पुन्हा पट्टा हवा झाला तेव्हा 'कंबरपट्टा' केला, म्हणजे मुळाशी जाऊन पाहिलं तर पट्टापट्टा! इंग्रजांनी 'कमरबंद' उचलून 'कमरबंड' केला आणि तो आजही सूटवर बांधतात.

वऱ्हाडात हा शब्द कोणाबरोबर आला असेल, याबद्दल माझा पक्का अंदाज आहे. अचलपूरला, तेव्हाच्या एलिचपूरला, फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कानं १४९० मध्ये इमादशाही उभी केली. ती १५७४ पर्यंत चालली. मग अहमदनगरची निजामशाही, १५९६ मध्ये मोगल, पुढं हैदराबादचा निजाम, आणि १८५३ मध्ये इंग्रजांकडं कारभार. साडेतीन शतकांहून जास्त काळ इथला दरबार आणि दप्तर फारशीच्या छायेत होतं. जमीन, तहसील, वसूल हे शब्द दप्तरातून आले. 'कमर' मात्र शिपायाच्या अंगावरून आली असणार. हत्यार लटकवलेला कमरपट्टा गावात दिसला, आणि फारशीत पट्टा बांधायच्या जागेलाही जे नाव होतं, तेच पाहणाऱ्यानं उचललं.

आता त्यात 'ब' कुठून आला? म आणि र जवळ आले की आपली जीभ मध्ये ब घालते: ताम्राचं तांबं, आम्राचा आंबा. पण 'कमर'मध्ये म आणि र यांच्यात स्वर आहे. तो जातो कुठं, तर 'कमरेला', 'कमरेवर' अशा रूपांत. आणि नेमका तिथंच 'ब' दिसत नाही! एकटी उभी राहते तेव्हा 'कंबर', प्रत्यय लागला की 'कमरेला'. खरं तर उलट व्हायला हवं होतं. माझं उत्तर असं की उंबर, अंबर, शंभर या शब्दांच्या रांगेत बसवताना मूळ रूपाला ब चिकटला, आणि प्रत्ययाच्या रूपात जुना फारशी उच्चार तसाच राहिला.

आता ज्या दुव्यामुळं हे सगळं लिहायला बसले, तो सांगते. ग्रीक भाषेत 'कमारा' म्हणजे कमानदार छत, घुमटाची खोली. लॅटिननं त्याचं 'कॅमेरा' केलं. पोर्तुगीजांनी 'कामरा' केलं, आणि तो त्यांच्या जहाजांबरोबर आपल्याकडं येऊन 'कमरा' झाला. केप्लरनं १६०४ मध्ये भिंतीच्या भोकातून बाहेरचं चित्र आत पाडणाऱ्या अंधाऱ्या खोलीला 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हटलं. पुढं खोली आटत आटत पेटी झाली, पेटी खिशात मावली, आणि नाव तेवढं उरलं. ग्रीक 'कमारा' आणि अवेस्तेतला पट्टा 'कमरा' हे सख्खे भाऊ असावेत, असं काही व्युत्पत्तिकारांनी मांडलं आहे. दोन्हींत वाकणं आहे; एक छताचं, एक अंगाभोवतीचं. संस्कृत धातुपाठातही 'क्मर्' नावाचा धातू दिलेला आहे, अर्थ वाकडं होणं. दुसरा पक्ष म्हणतो की ग्रीक शब्द कुठल्यातरी भलत्याच, ग्रीकपूर्व भाषेतला आहे आणि हे साम्य योगायोग. त्यांच्या बाजूला जोर आहे, कारण 'क्मर्' व्याकरणाच्या यादीबाहेर फारसा भेटत नाही. तरी मी पहिल्या पक्षाची. अर्थ इतका नेमका जुळत असताना योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही.

म्हणजे भाचीनं कपाटाला टेकवलेला कॅमेरा आणि तिनं त्यात दाखवलेली कंबर ही नात्यातली निघाली. आणि तो खळगा तिला दिसला तो या नातेवाइकामुळंच. नऊवारीत, पातळात, घोळदार परकरात तो कुठं दिसणार? अंगाला चिकटणारं कापड आलं, समोरून सरळ फोटो आला, आणि गेल्या काही वर्षांत नाव आलं. 'व्हायोलिन हिप्स' हे त्याचंच दुसरं नाव.

खळगा पडतो कसा, ते हातानं पाहता येतं. कमरेवर हात ठेवला की वरची हाडाची कड लागते. मूल टेकतं ती हीच. तिथून वीतभर खाली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दुसरं हाड टोचतं, ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक, खुब्याजवळचं. या दोन हाडांमध्ये आधार कमी म्हणून कातडी आत बसते. ओटीपोटाची हाडं किती उंच, किती रुंद, मांडीचं हाड कोणत्या कोनात बसलेलं, यावर खळगा ठरतो. आजीला होता, आईला आहे, भाचीला आहे. बारीक बाईला असतो, जाड बाईला असतो, पुरुषालाही असतो. हा आजार नव्हे.

आता क्लिनिकवाल्याचं इंजेक्शन. खळगा भरायला हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर किंवा कोलॅजन वाढवणारं पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड वापरतात. पहिलं शरीर हळूहळू शोषून घेतं, दुसऱ्याला अनेक बैठका लागतात आणि तेही कायमचं नाही. गालापेक्षा इथं माल कितीतरी जास्त लागतो, म्हणून खर्चही. चरबी गोठवण्याचं यंत्र या खळग्यासाठी नाहीच. ते चरबी कमी करतं, आणि खळग्यात मुळात चरबीच कमी असते. फार तर वरचा फुगवटा उतरेल. क्वचित त्या यंत्रानं जागा कमी होण्याऐवजी वाढलेलीही आहे. सिलिकॉनला तर शिवूच नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्ये शरीराला आकार देण्यासाठी सिलिकॉन टोचून घेण्याविरुद्ध जाहीर इशारा दिला, कारण ते रक्तवाहिनीत शिरलं तर फुप्फुसापर्यंत, मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतं.

राहिला व्यायाम, आणि त्यासाठी अमरावतीला बाहेर पाहण्याची गरज नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये इथं हनुमान आखाडा सुरू केला. त्याचंच पुढं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं, ज्याच्या चमूनं १९३६ मध्ये बर्लिनला आपले देशी खेळ दाखवले. एका पायावर उभं राहणं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, बैठका, यांनी खुब्यावरचे स्नायू भरतात. एका पायावर शरीर तोलून धरतात ते हेच स्नायू. त्यानं खळगा थोडा उथळ दिसू शकतो. हाडाची जागा बदलत नाही. 'एकवीस दिवसांत हिप डिप गायब' म्हणणाऱ्याला हाड कसं हलवणार ते विचारावं.

भाचीला मी एवढंच सांगितलं की टोचायचंच असेल तर नोंदणी असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडं किंवा प्लास्टिक सर्जनकडं जा. कुठलं द्रव्य, किती मिलिलिटर, किती महिने टिकणार आणि रक्तवाहिनीत गेलं तर तिथंच उपाय कोण करणार, हे लिहून घे. लिहून देत नसेल तर उठून ये.

आणि नावाबद्दल माझी वाचकांना एक विनंती आहे. गालावर पडली तिला आपण खळी म्हणतो आणि कौतुक करतो. कडेखाली पडली तिलाही खळीच म्हणा.