खोड गेलं, वड उरला

कोलकात्यासमोर, हुगळीच्या पलीकडच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानात पहिल्यांदाच येणारा माणूस त्या प्रसिद्ध वडापाशी थोडा फसतोच. पारंब्यांचं रान संपता संपत नाही, पण मूळ खोड काही सापडत नाही. ते 1925 सालीच कापून काढलं. पंधरा मीटरहून जास्त घेराचं ते खोड बुरशीने पोखरलं होतं, आणि बुरशीला वाट करून दिली होती 1864 आणि 1867 च्या वादळांनी.

5 ऑक्टोबर 1864 च्या वादळाला बंगाली माणूस ‘आश्विनेर झड’ म्हणतो. आपल्याकडे झड म्हणजे न खळणारा पाऊस. तिकडे झड म्हणजे वादळ. त्या दिवशी समुद्राची लाट हुगळीतून आत घुसली, बंदरातल्या जहाजांचे साखळदंड तुटले आणि ती एकमेकांवर आदळत काठावर चढली. मृतांचा अंदाज साठ हजारांच्या घरात जातो. त्यातले बहुतेक शहरातले नव्हते, नदीच्या खालच्या अंगाच्या गावांतले होते. शहरातही पक्क्या वाड्यांच्या झडपा-खिडक्या उडाल्या, तर गवताच्या आणि कौलांच्या झोपड्या पार भुईसपाट झाल्या.

शिबपूरच्या बागेत हजाराहून अधिक झाडं आडवी झाली, म्हणजे निम्म्याहून जास्त. तीन वर्षांनी दुसऱ्या वादळाने आणखी काही शे नेली. कारण जमिनीतच होतं. इथली माती म्हणजे नदीने आणून टाकलेला गाळ, आणि हातभर खणलं की पाणी. झाडाने मुळं खोल नेण्याची गरजच नाही! वर डेरेदार पसारा आणि खाली उथळ मुळं, असं झाड वाऱ्याला किती वेळ तोंड देणार?

1871 मध्ये जॉर्ज किंग उद्यानाचे अधीक्षक झाले आणि उजाड जागेवर त्यांनी बाग नव्याने आखली. तळी खणली, निघालेल्या मातीने सखल भाग उंचावला. आज पर्यटक ज्या तळ्यांचे फोटो काढतात, ती एका अर्थी वादळाचीच देणगी. अर्थात वादळाला कोणी श्रेय देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मुळात ‘सायक्लोन’ हा शब्दही कोलकात्याचाच. हेन्री पिडिंग्टन या तिथल्या नौकाविषयक अधिकाऱ्याने ग्रीक शब्दावरून, सापाच्या वेटोळ्याची आठवण ठेवून, तो घडवला. मातला नदीवर नवं बंदर बांधायचं घाटत होतं, तेव्हा 1853 मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलना सावध केलं की समुद्राची लाट ते गिळेल. ऐकलं कोणी नाही. 1867 च्या वादळाने तेच बंदर, पोर्ट कॅनिंग, मोडून पडलं. तेव्हा पिडिंग्टन हयात नव्हते.

1864 चं वादळ आणि त्यापाठोपाठचे दुष्काळ, यांतून 1875 मध्ये भारतीय हवामान खातं उभं राहिलं. त्याचं मुख्यालय कोलकात्याहून शिमल्याला गेलं आणि 1928 मध्ये पुण्याला आलं. शिवाजीनगरला बस थांबली की कंडक्टर अजूनही ‘शिमला ऑफिस’ पुकारतो. उतरणाऱ्याच्या मनात हुगळीतली लाट कशाला येईल?

20 मे 2020 ला अम्फान चक्रीवादळाने कोलकात्याला पुन्हा झोडपलं. शहरात पाच हजारांवर झाडं कोसळली. गुलमोहर (तिकडचा कृष्णचूडा) बराच गेला. फुटपाथच्या काँक्रीटने आवळलेल्या मुळांना जमिनीचा आधार उरलेलाच नव्हता, ही तक्रार गाळाची नव्हे, माणसाची. कॉलेज स्ट्रीटच्या दुकानांत पाणी शिरलं आणि पुस्तकं रस्त्यावर तरंगली. पंधरवड्यात, 3 जूनला, निसर्ग वादळ कोकणावर आलं आणि श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा गेल्या.

अम्फानमध्ये शिबपूरच्या वडाच्याही काही पारंब्या तुटल्या. उद्यानातले माळी कोवळ्या पारंब्या पोकळ बांबूच्या आधाराने खाली आणतात आणि मातीशी त्यांची गाठ घालून देतात. एकदा मूळ धरलं की बांबू काढून घ्यायचा, आणि पुढची लोंबती पारंबी हुडकायची.