माथेरान : वर जाणारे आणि वर नेणारे

मुंबईहून सकाळची गाडी धरून निघावे, दुपारी डोंगराच्या कड्यावर उभे राहून खालचा कोकणपट्टा न्याहाळावा आणि रात्रीच्या जेवणाला पुन्हा घरी परतावे, अशी सोय असलेल्या ठिकाणांत माथेरानचे नाव प्रथम घ्यावे लागेल. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून काहीसा अलग उभा असलेला हा डोंगर सुमारे ८०० मीटर उंच आहे. माथ्यावर जांभ्या दगडाची तांबडी माती आणि तिच्यावर दाट झाडी. माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, अशी या नावाची सरळ फोड सांगतात. बडोदे-इंदूरकडील आपली मंडळीही मुंबईस नातलगांकडे उतरली म्हणजे एखादा दिवस काढून तेथे जाऊन येतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल तेथे गेली होती. मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. पुढे त्यांना मज्जाव आहे. तेथून बाजारपेठेपर्यंतची वाट त्या वेळी पायी, घोड्यावर, छोट्या आगगाडीने अथवा हातरिक्षाने तुडवावयाची असे. आमच्या पुढे एक हातरिक्षा चालली होती. आत दोन उतारू, पुढून एक मनुष्य ओढीत होता, मागून इतर रेटीत होते. आमच्यातील एका मुलाने मला विचारले, “सर, हे काका स्वतः कधी पॉइंट पाहावयास जात असतील का?” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. माथेरानचा इतिहास पुढे वाचीत गेलो तो या प्रश्नाचे बोट धरूनच.

हा इतिहास बहुधा १८५० सालापासून सांगतात. त्या वर्षीच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे पायथ्याच्या चौक गावाकडून डोंगर चढून गेले, तेथील गार हवा त्यांना मानवली आणि त्यांनी माथेरान शोधून काढले, असे आपण पुस्तकांत वाचतो. ‘शोधून काढले’ हे शब्द मात्र जपून घेतले पाहिजेत. कातकरी, ठाकर आणि धनगर या लोकांचा या डोंगराशी व त्याच्या परिसराशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. त्यांच्या पायवाटा होत्या, म्हणूनच साहेबांना वर जाता आले. मॅलेट यांनी शोधून काढली ती मुंबईच्या उन्हाळ्यातून सुटका करून घेण्याची जागा.

पुढे १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या स्थळास उत्तेजन दिले. रस्ते आखले गेले, बंगले उठले. याच सुमारास १८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि १८५६ पर्यंत लोहमार्ग नेरळवरून पुढे खोपोलीपर्यंत पोहोचला. डोंगराचा पायथा मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर आला. परंतु पायथ्यापासून माथा होता तेथेच राहिला. उरलेली चढण साहेबलोक आणि मुंबईचे धनिक शेठ तट्टावर बसून अथवा पालखीतून चढत. पालखी म्हटली की तिच्याखाली खांदे आलेच. पुढे पालखीची जागा रिक्षाने घेतली. ‘रिक्षा’ हा शब्द मूळ जपानी, आणि त्याचा संपूर्ण मूळ शब्द ‘माणसाच्या बळाने चालणारी गाडी’ असाच अर्थ सांगतो. भार खांद्यावरून हातांवर आला. वाहणारा मनुष्यच राहिला.

या चढणीवर यंत्र आणले ते एका पितापुत्राने. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतील बोहरा समाजाचे ख्यातनाम कारखानदार. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान असा लोहमार्ग काढण्याचे मनावर घेतले, आणि वडिलांनी त्यासाठी पैसा पुरविला. सुमारे १६ लाख रुपये खर्च आला असे सांगतात. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. रुळांतील अंतर अवघे दोन फूट, मार्गाची लांबी सुमारे २० किलोमीटर. काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट अशी उभी चढण. एवढ्या मार्गावर बोगदा एकच. बाकी सारे काम वळणांनी साधलेले. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत गाडी डोंगराला वेढे घालीत वर जाते. २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीने हा मार्ग वाहून गेला, तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाने त्याची पुन्हा मोडतोड झाली, आणि नेरळहून माथ्यापर्यंतची गाडी पूर्ववत धावावयास २०२२ चा ऑक्टोबर उजाडला.

या डोंगराने केवळ प्रवासीच पाहिले असे मात्र नाही. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्येच एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. ते शिकले, वकील झाले आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. सावकारीने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, खेड्यांतून शाळा चालविल्या. १९४२ च्या आंदोलनात ‘आझाद दस्ता’ उभारून त्यांनी मुंबईस वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. ज्या महानगराला हा डोंगर विसाव्यासाठी हवा असे, त्याच महानगराचे कारखाने डोंगराच्या या पुत्राने थबकविले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह भाई कोतवाल यांना वीरमरण आले.

आता पुन्हा हातरिक्षेकडे येऊ. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. मोटारींना मज्जाव राहिल्यामुळे तेथील हवा आणि शांतता राखली गेली, हे उत्तमच झाले. परंतु झाडांना धुरापासून वाचविताना माणसांना जोखडातून सोडविण्याचे राहून गेले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. घोडेवाल्यांनी त्यास विरोध केला, आणि त्यांच्या पोटाची चिंताही खोटी म्हणता येणार नाही. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेस विसंगत ठरविली, आणि सहा महिन्यांच्या आत ती बंद करून हातरिक्षावाल्यांचे पुनर्वसन करावे असा आदेश दिला. त्यांना विजेच्या रिक्षा भाड्याने द्याव्यात, आणि त्यासाठी गुजरातेतील केवडियाच्या योजनेचा कित्ता गिरवावा, असेही त्यात सुचविले आहे. बडोद्याच्या मंडळींना केवडिया काही दूरचे नाही. स्त्रिया तेथे अशा रिक्षा चालवितात, हे त्यांच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले असेल.

न्यायालयाच्या आदेशाने प्रथा थांबते. तिच्यावर पोट असलेल्या माणसाला दुसरा घास मिळाला की नाही, हे मात्र पुढे कोणीतरी पाहात राहावे लागते. आपण प्रवाशांनी तेवढे तरी करावे. भाडे ठरविताना घासाघीस करण्यापूर्वी चालकाला दोन शब्द विचारावेत.

शार्लट, लुइझा, अलेक्झांडर अशी पाहुण्यांची नावे माथेरानच्या तलावास आणि कड्यांस मिळाली. ज्यांनी ते पाहुणे वर नेले, त्यांची नावे कोणत्याही कड्यास मिळाली नाहीत. पुन्हा कधी मुलांना घेऊन तेथे जाण्याचा योग आला, तर कड्यांची नावे सांगण्यापूर्वी मी त्यांना भाई कोतवालांची हकीकत सांगणार आहे. आणि पॉइंटवर पोहोचल्यावर, ज्याने आम्हांला वर आणले त्यालाही घटकाभर आमच्याबरोबर उभे राहावयास सांगणार आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे याहून बरे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.