वाहक, गार आणि आगर

एसटीच्या मुलखात ‘वाहक’ कोण, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. श्रीवर्धनहून मुंबईला निघालेल्या गाडीत चालक स्टिअरिंगवर असतो आणि वाहक तिकिटे देत असतो. इंग्रजीत वीज नेणारा पदार्थही कंडक्टरच; सेमीकंडक्टरला हिंदीने ‘अर्धचालक’ म्हटले, मराठीने ‘अर्धवाहक’. एसटीच्या हिशेबाने त्यांच्या वाट्याला अर्धा ड्रायव्हर आला, आपल्या वाट्याला अर्धा कंडक्टर! मराठी विश्वकोशाने ‘अर्धसंवाहक’ पसंत केला. शब्द भारदस्त आहे खरा, पण संस्कृतात संवाहक म्हणजे अंग रगडून देणारा. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त या धंद्याचे एक पात्रच आहे, जुगारात बुडालेले आणि पुढे बौद्ध भिक्षू झालेले. म्हणून साधा ‘वाहक’च बरा.

खटकतो तो ‘अर्ध’. तो जर्मन ‘हाल्बलायटर’मध्येही आहे, कोनिग्सबर्गर आणि वाइस या शास्त्रज्ञांनी 1911 मध्ये तो शब्द वापरला. पण अर्धवाहक म्हणजे तांब्याच्या निम्मी वीज नेणारा, असे कुणी समजेल तर फसेल. शुद्ध सिलिकॉन तांब्याच्या अब्जांश हिश्शाएवढीही वीज नेत नाही. अर्धवाहकाची किंमत आहे ती स्वभाव बदलण्यात. धातू तापला की वीज नेण्यात कुचराई करतो. सिल्व्हर सल्फाइड मात्र तापल्यावर जास्त वीज नेते, हे फॅरेडेने 1833 मध्येच नोंदवले होते. सिलिकॉनच्या लाखो अणूंमागे फॉस्फरसचा किंवा बोरॉनचा एखादा अणू मिसळला, की त्याची वाहकता लाखो पटींनी वाढते. या मिसळण्याला इंग्रजीत ‘डोपिंग’ म्हणतात. त्याचे मूळ डच भाषेतल्या ‘डोप’मध्ये, म्हणजे बुडवून खायच्या दाट रश्शात आहे. आपण त्याला भेसळ म्हणू शकतो. प्रामाणिकपणे केलेली ही एकमेव भेसळ असावी.

आता सिलिकॉन. लॅटिनमध्ये ‘सिलेक्स’ म्हणजे चकमकीचा दगड, आपली गार किंवा गारगोटी. डेव्हीने 1808 मध्ये या मूलद्रव्याला ‘सिलिशियम’ नाव सुचवले, थॉमसनने 1817 मध्ये कार्बन-बोरॉनच्या चालीवर त्याचे ‘सिलिकॉन’ केले आणि 1824 मध्ये बर्झेलियसने ते वेगळे काढून दाखवले. मराठीतली ‘गार’ मोठी गमतीची आहे. ती आकाशातून पडते, डोंगरात सापडते आणि पाणीही गार असते. ‘चकमक’ मात्र तुर्कांकडून आली. ठिणगी पाडणारा तो शब्द पुढे लढाईतल्या झटापटीलाही चिकटला. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरचा काळा खडक बेसॉल्टचा. त्यात वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका असते, पण ती धातूंशी बांधलेली. सौरपट्ट्यांच्या सिलिकॉनसाठी लागते ती शुद्ध गार, म्हणजे क्वार्ट्झ.

या विज्ञानात आपण नुसते घेणारे नाही. सिलिकॉनच्या खालचे घर मेंडेलेव्हच्या कोष्टकात रिकामे होते. तिथल्या न सापडलेल्या मूलद्रव्याला त्याने 1871 मध्ये चक्क संस्कृत आकडा लावून ‘एका-सिलिकॉन’ म्हटले आणि त्याचा अणुभार 72 असेल असे सांगून टाकले. 1886 मध्ये विंक्लरला ते सापडले, अणुभार 72.3 च्या आसपास निघाला. विंक्लरने त्याला आपल्या देशाचे नाव दिले, जर्मेनियम. 1947 च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत चाललेला पहिला ट्रान्झिस्टर याच जर्मेनियमचा.

शेवटचा शब्द ‘लाइट हार्वेस्टिंग’. तो शेतातून आधी पानात गेला, मग सौरपट्टीत. पानात हरितद्रव्याचे शेकडो रेणू मिळून प्रकाश टिपतात आणि ती ऊर्जा एका केंद्राकडे पोचवतात. याला आपण ‘प्रकाश-संकलन’ म्हणतो. पण संकलन म्हटले की चित्रपट आठवतो, नाहीतर कचरा. रायगडच्या किनाऱ्याकडे याहून चांगला शब्द आहे : आगर. नारळी-पोफळीची बाग म्हणजे आगर, उन्हात समुद्राचे पाणी आटवून मीठ पिकवायची जागा म्हणजे मिठागर, त्यावरूनच आगरी, आणि साठा या अर्थाने ‘गुणांचे आगर’. दोन्ही आगरांत पीक उन्हाचेच.

श्रीवर्धनच्या आगरात वर नारळ, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, सावलीत जायफळ. वरच्याने सोडलेला प्रकाश खालचा घेतो. आजच्या टँडेम सौरघटाची रचना अशीच. वरचा पेरोव्स्काइटचा थर निळा-हिरवा प्रकाश टिपतो आणि तांबडा व अवरक्त प्रकाश खालच्या सिलिकॉनला सोडतो. पेरोव्स्काइट हे मुळात उरल पर्वतात 1839 मध्ये सापडलेल्या खनिजाचे नाव, पेरोव्स्की या रशियन सरदारावरून पडलेले. तशाच स्फटिकरचनेचा पदार्थ 2009 मध्ये जपानात मियासाकांनी सौरघटात वापरला. पवईच्या आयआयटीत सौरघटांवर आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर गेली कित्येक वर्षे काम चालू आहे.

‘पेरोव्स्काइट’, ‘सिलिकॉन’ ही नावे आहेत, ती आहेत तशीच ठेवावीत. ‘अर्धवाहक’ रुळला आहे, तोही राहू द्या. पण सोलर पार्कला सरकारी कागदात ‘सौर उद्यान’ म्हणतात, ते बदलायला हवे. उद्यानात माणसे फिरायला जातात, आगरातून पीक निघते. तेव्हा मराठी लिहिणाऱ्यांनी ‘सौर आगर’ हा शब्द निदान वापरून पाहावा.