ड्रममधली वाळू

चाकाचा ब्रेक ड्रम उघडला की गाडी कुठून आली ते ड्रायव्हरला विचारावं लागत नसे. काळी भुकटी निघाली तर ती घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळशाच्या रस्त्याची. लाल माती थरावर थर वाळून बसलेली असेल तर एटापल्लीकडची. आणि पांढरी वाळू निघाली की समजायचं, नदीनाले उतरत भामरागडकडून आली.

मी 1978 साली आलापल्लीत वस्तादांच्या हाताखाली लागलो. सागाच्या बल्ल्यांवर पत्रे आणि खाली एक खड्डा, एवढंच गॅरेज. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता, तो 26 ऑगस्ट 1982 ला झाला. त्याआधी सिरोंचापर्यंत सगळा चांदाच, आणि आमचे म्हातारे अजूनही चांदाच म्हणतात. आमचा धंदा जंगलानं उभा केला. डेपोत साग यायचा, बल्लारपूरच्या कागद गिरणीला बांबू जायचा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. कमलापूरचे हत्ती ओंडके ओढून आणायचे, पुढचं काम ट्रकचं. आणि या सगळ्यांमागे धावायची जीप. ठेकेदाराची जीप, रेंजरची जीप, डॉक्टरची जीप.

स्वातंत्र्यानंतर एक-दोन वर्षांतच महिंद्रांनी विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली होती. चार चाकांना चार ड्रम, पण ब्रेकची लाइन सगळ्यांना मिळून एकच. एक होज फुटला की पॅडल थेट फळीला टेके आणि चारही चाकं मोकळी. हँडब्रेक मात्र चाकांवर नव्हता, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर होता. लाइन फुटली तरी तो धरायचा. त्या एका हँडब्रेकवर पेरमिलीहून आलापल्लीपर्यंत आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि गाडीतून उतरताना त्यांचे पाय कसे थरथरत ते अजून डोळ्यांसमोर आहे.

पावसाळ्यात रपटे बुडायचे. ड्रममध्ये पाणी शिरलं की लायनर धरत नाही, म्हणून नाला चढून वर आलं की जाणता ड्रायव्हर थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवूनच गाडी हाकायचा, लायनर सुकेपर्यंत. पाणी असं निघून जाई, वाळू राही. तिनं ड्रमवर चरे पडत, मग तो लेथवर फेस मारायला पाठवायचा. ग्रीस धुऊन लायनरवर आली की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढायची. आम्ही लायनरची धूळ तोंडानं फुंकून काढायचो. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचा, आणि ते आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

एका मे महिन्यातली गोष्ट. तेंदूपत्त्याच्या फळीवरून, म्हणजे पत्ता गोळा करायच्या जागेवरून, एक जीप आली. चारही चाकं अशी तापलेली की ड्रमवर पाणी शिंपडलं तर चर्र करून उडालं. मी शू ढिले करायला पाना उचलला, तर वस्तादांनी हात धरला. "थांब बे पोट्ट्या. आधी दोष कुठं हाय ते पाहू." एक चाक जॅकवर घेतलं, ते हातानं फिरेना. त्यांनी चाकामागचं, एअर काढायचं निपल पाव आटा उघडलं. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक गरकन फिरलं. "चाकात काही नाही. दाब वर अडकला हाय."

मास्टर सिलिंडरच्या टाकीच्या तळाला एक बारीक भोक असतं, सुईएवढं. पॅडल सोडलं की जादा ऑइल त्यातून परत टाकीत जातं. तेच बंद झालं होतं. आतला रबरी कप फुगून त्यावर चढून बसला होता. वस्तादांनी टाकीतलं ऑइल बोटांत चोळलं, हुंगलं, आणि वाटीभर पाण्यात दोन थेंब सोडले. ब्रेक ऑइलला तेल म्हणतात, पण खरं तर ते तेल नव्हेच. ते पाण्यात विरघळतं आणि हवेतली ओलही पितं, म्हणूनच दोन-तीन पावसाळे बदललं नाही तर तापल्यावर आत वाफ धरते आणि पॅडल पोकळ जातं. आमच्या वाटीतले थेंब मात्र वर तरंगत राहिले. इंजिन ऑइल होतं. खनिज तेल लागलं की ते रबर फुगतंच.

आठवडाभरापूर्वी त्या जीपमध्ये ऑइल मीच टाकलं होतं. डबा मीच उचलला होता.

वस्ताद ओरडले नाहीत. सगळी रबरं, सगळे होज काढून फेकायला लावले आणि पाइप स्पिरिटनं धुऊन घेतले. नवं किट नागपूरहून येईपर्यंत दोन दिवस जीप खड्ड्यावर उभी होती. जोडणी झाल्यावर एअर काढायला मला निपलपाशी बसवलं, पॅडलवर स्वतः बसले. लांबच्या चाकापासून सुरुवात. "धरलं," ते म्हणत, मी निपल उघडे, बुडबुडे येत, निपल बंद करून मी "सोडा" म्हणे. शेवटचा बुडबुडा गेल्यावरही त्यांनी आणखी दहा वेळा धरायला-सोडायला लावलं. तेव्हापासून नवा डबा फोडला की पहिले दोन थेंब पाण्याच्या वाटीत टाकतो.

पुढे ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनी असलेल्या गाड्या आल्या, ताडोबाच्या जिप्सींना पुढे डिस्क आल्या, पाट्यांवर एमएच 33 आलं. रस्ते झाले, रपट्यांच्या जागी पूल झाले. आता वर्षातून एखादीच जुनी जीप माझ्याकडे येते.

गेल्या पावसाळ्यानंतर एक आली. ड्रम उतरवला तर कडेला पांढरी वाळू. नवीन पोराच्या तळहातावर चिमूटभर ठेवली आणि विचारलं, कुठली?

"वैनगंगेची," तो म्हणाला.

"चोळून पाह्य," मी म्हटलं.